घोणशीला ज्याचं नाव मिळालं, त्या डॉक्टरच्या पुस्तकात कुंडीतला वाळाही होता

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. बाथरूमच्या जाळीतून सापाचं पिल्लू आलंय, नागाचं असेल का, असं विचारत कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतं. फोटो झूम केला की बुटाच्या लेसइतका बारीक, काळपट, तेल चोपडल्यासारखा चकचकीत जीव दिसतो. बऱ्याच वेळा ते कुठल्याच सापाचं पिल्लू नसतं. ती पूर्ण वाढ झालेली मादी असते आणि मराठीत तिला वाळा म्हणतात.

वाळा बिनविषारी आहे. त्याचं तोंड इतकं चिमुकलं असतं की त्याला माणसाला चावणंच जमणार नाही. तरी दरवर्षी चपलेखाली जाणाऱ्या सापांमध्ये त्याचा नंबर बराच वर असावा.

या सापाचं शास्त्रीय नाव ज्या चित्रावर उभं आहे, ते चित्र १७९६ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. ते छापून घेणाऱ्या माणसाचं नाव होतं पॅट्रिक रसेल. हो, तोच रसेल, ज्याच्यावरून घोणशीला इंग्रजीत रसेल्स व्हायपर म्हणतात. भारतातल्या सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या सापांपैकी एकाला त्याचं नाव कायमचं चिकटलं. गंमत म्हणजे, या निरुपद्रवी वाळ्यालाही एकदा त्याचंच नाव देऊन झालं होतं. ते टिकलं नाही.

एडिनबरोहून थेट अलेप्पोला

रसेलचा जन्म १७२७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. वडील वकिली व्यवसायातले. मुलाने मात्र वैद्यकीचा रस्ता धरला आणि १७५० मध्ये एडिनबरो विद्यापीठातून तो डॉक्टर झाला. युरोपभरची मुलं तेव्हा डॉक्टर व्हायला एडिनबरोला यायची. डिग्री हातात पडल्यावर त्याने गावात दवाखाना थाटला नाही. तो गेला आजच्या सीरियातल्या अलेप्पोला.

तिथे त्याचा मोठा सावत्र भाऊ अलेक्झांडर आधीपासून होता. अलेप्पो हे ऑटोमन साम्राज्यातलं गजबजलेलं व्यापारी शहर होतं आणि इंग्रजांच्या लेव्हंट कंपनीची वखार तिथे होती. (ही कंपनी ईस्ट इंडिया कंपनीपेक्षाही जुनी.) अलेक्झांडर त्या वखारीचा डॉक्टर होता. १७५३ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि त्याची जागा पॅट्रिकला मिळाली. पुढे १७५६ मध्ये अलेक्झांडरने अलेप्पोच्या निसर्गावर आणि लोकजीवनावर एक पुस्तक लिहिलं. झाडं, प्राणी, हवामान, खाणंपिणं, रोगराई असं सगळं त्यात होतं. पॅट्रिकवर या कामाची मोठी छाप पडली. जिथे राहायचं तिथलं सगळं टिपून ठेवायचं, ही सवय त्याला भावाकडून लागली असं म्हणायला हरकत नाही.

अलेप्पोत तो जवळपास २० वर्षं राहिला. त्या काळातल्या दोन गोष्टी पुढच्या सापांच्या कामासाठी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट देवीच्या रोगाची. देवीची लस यायला अजून अनेक वर्षं होती. पण रसेलच्या कानावर आलं की अरब बायका पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांना देवी टोचून घेतात. पद्धतही मजेशीर होती. ज्या मुलाला सौम्य देवी आल्या असतील, त्याच्याकडे दुसरं मूल मनुका किंवा तसलंच काहीतरी घेऊन जायचं आणि त्या बदल्यात देवी विकत घ्यायचं. मग देवीच्या फोडातला द्रव सुईने टोचला जायचा. दुसऱ्या एखाद्या युरोपियन डॉक्टरने ही अडाण्यांची समजूत म्हणून सोडून दिली असती. रसेलने चौकशा केल्या, माहिती जुळवली आणि ती भावाला लिहून कळवली. १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून आली.

दुसरी गोष्ट प्लेगची. १७६० ते १७६२ अशी सलग तीन वर्षं अलेप्पोत प्लेग आला. प्लेग आला की तिथले युरोपियन व्यापारी घराची दारं बंद करून आत बसायचे. रसेल मात्र रुग्ण पाहत राहिला आणि एकेका रुग्णाची नोंद ठेवत राहिला. कुणाला कुठे गाठ आली, ताप कधी चढला, कोण कितव्या दिवशी गेला, कोण वाचला, हे सगळं त्याने लिहून ठेवलं. या नोंदींवरचा त्याचा प्लेगविषयीचा जाडजूड ग्रंथ १७९१ मध्ये प्रकाशित झाला. तिथल्या पाशाने त्याला पगडी बांधायचा मान दिला होता. परक्या धर्माच्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

१७७१ मध्ये त्याने अलेप्पो सोडलं. परतीच्या वाटेवर इटली आणि फ्रान्समधल्या बंदरांत प्लेगसाठी क्वारंटाइनची काय सोय असते, हेही तो बघत आला. लंडनमध्ये त्याने दवाखाना सुरू केला आणि १७७७ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. वय पन्नास, गाठीला नाव. दुसरा कुणी असता तर इथे स्थिरावला असता.

पन्नाशीनंतर विशाखापट्टणम

त्याचा धाकटा भाऊ क्लॉड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. क्लॉडची नेमणूक विशाखापट्टणमला, कंपनीचा तिथला मुख्य अधिकारी म्हणून झाली. १७८१ मध्ये पॅट्रिक त्याच्यासोबत भारतात यायला निघाला. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता आणि लग्नाच्या फंदात पडला नव्हता. (पुढेही पडला नाही.)

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर त्याने झाडं गोळा केली, मासे गोळा केले. २०० माशांची चित्रं आणि वर्णनं असलेलं त्याचं पुस्तक १८०३ मध्ये आलं. त्यात माशांची स्थानिक तेलुगू नावंही होती. १७८५ मध्ये कंपनीचा निसर्गतज्ज्ञ योहान कोएनिग वारला आणि ते पद रसेलकडे आलं. कंपनीला खरा रस होता तो उपयोगाच्या झाडांत. कुठल्या झाडापासून रंग मिळेल, औषध मिळेल, पैसा मिळेल, हे तिला हवं होतं. रसेलच्या डोक्यात मात्र साप घुसले होते.

त्याचं कारण साधं होतं. तो डॉक्टर होता आणि सर्पदंशाने माणसं मरत होती. साप चावलेला माणूस समोर आला की पहिला प्रश्न असायचा, साप विषारी होता का? त्याचं उत्तर कुणाकडेच खात्रीने नव्हतं. बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राने बरा झाला की मांत्रिकाचं नाव व्हायचं आणि विषारी साप चावलेला मेला की नशिबाला दोष जायचा. औषध खरंच लागू पडतंय का, हे तपासायचं तर आधी साप ओळखता यायला हवा. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, त्याआधीच्या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक गेले. आणि आजही हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच असतो.

बाहेरून बघून सापाचं विष कळतं का?

रसेलला एक सोपी खूण हवी होती. शेतकऱ्याला, शिपायाला, कुणालाही बाहेरून बघून सांगता यावं की हा विषारी आणि हा बिनविषारी.

त्या काळी सापांचं वर्गीकरण स्वीडनच्या लिनियसच्या पद्धतीने चालायचं. सापाला उताणा करायचा, पोटावरचे आडवे पट्टे मोजायचे, मग शेपटीखालचे खवले मोजायचे आणि त्या आकड्यांवरून साप ठरवायचा. रसेलने एकाच जातीचे अनेक साप मोजले. आकडे प्रत्येक सापात थोडे वेगळे निघाले. एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीच्या आकड्यात मिसळू लागला. रंगाचंही तेच. शेवटी त्याला खात्रीची खूण सापडली ती तोंडात, म्हणजे विषदंतांत. आता फणा काढलेल्या सापाचा जबडा उघडून दात कोण बघणार, हा प्रश्न राहिलाच.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. सगळ्यांसाठी एकच खूण मिळत नसेल, तर प्रत्येक सापाचं नीट चित्र काढायचं, वर्णन लिहायचं आणि तो किती घातक आहे ते प्रयोग करून बघायचं. प्रयोग म्हणजे कुत्र्यांना आणि कोंबड्यांना साप चाववायचा आणि घड्याळ लावून लक्षणं टिपायची. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण अठराव्या शतकात विष समजून घ्यायची हीच रीत होती. सर्पदंशावर तंजावरची म्हणून एक गोळी तेव्हा फार नावाजलेली होती. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक असायचं. रसेलने तीही प्राण्यांवर तपासून पाहिली.

याच प्रयोगांत त्याला एक जाडसर, अंगावर साखळीसारखे ठिपके असलेला साप भेटला. स्थानिक लोक त्याला जे म्हणायचे ते रसेलने रोमन लिपीत लिहिलं, कटुका रेकुला पोडा. नागाच्या खालोखाल घातक साप हाच, असं त्याने नोंदवलं. युरोपात या सापाची कुणाला धड ओळखही नव्हती. ही आपली घोणस. १७९७ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज शॉ आणि फ्रेडरिक नॉडर यांनी तिला शास्त्रीय नाव देताना रसेलचं नाव जोडलं. आज ती दाबोइया रसेली म्हणून ओळखली जाते.

स्थानिक नावं लिहून ठेवायची त्याची सवय इथे कामी आली. त्याच्या पुस्तकात चित्रांना युरोपियन नावांऐवजी मुख्यतः तेलुगू नावं आहेत. बंगारुम पामा, बोद्रू पाम, होरट्टा पाम, अशी. उच्चार एका स्कॉटिश माणसाच्या कानाने टिपलेले, त्यामुळे थोडे वाकडेतिकडे. पण त्यातलं बंगारुम पुढे थेट शास्त्रीय नावात गेलं. मण्यार ज्या प्रजातीगटात येते, त्या बंगारसचं नाव याच तेलुगू शब्दावरून आलं. होरट्टा पाम म्हणजे फुरसं. बोद्रू पाम म्हणजे झाडावरचा हिरवा चापडा.

आणि त्याच पुस्तकात, ४३ व्या चित्रात, नाव आहे रोंडू तालुलू पाम. तेलुगूत रेंडु म्हणजे दोन, तला म्हणजे डोकं, पामु म्हणजे साप. दोन डोक्यांचा साप. म्हणजे आपला वाळा.

दोन डोकी नसलेला, डोळे असलेला आंधळा

माणसं मारणाऱ्या सापांची यादी करायला निघालेल्या डॉक्टरने गांडुळाएवढ्या सापासाठी एक आख्खं चित्र का खर्च केलं? कारण त्याच्या कामाचा अर्धा भाग हाच होता. कुठल्या सापाला घाबरायचं हे सांगायचं, तर कुठल्या सापाला घाबरायचं नाही हेही सांगावं लागतं. वाळ्याबद्दल भीती कमी नाही. दक्षिण भारतात काही ठिकाणी त्याला कानातला साप म्हणतात, झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो या समजुतीमुळे.

दोन डोक्यांचा घोळ कसा होतो, हे वाळा हातात घेतला की कळतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत जाडी एकसारखी. मान नाही. डोकं बोथट, शेपूटही बोथट. शेपटीच्या टोकाला एक बारीक काट्यासारखं टोक असतं. ते मातीत रुतवून तो अंग पुढे ढकलतो. माणसाने पकडला की तेच टोक तो तळहातावर टोचतो आणि माणसाला वाटतं दुसऱ्या तोंडाने चावला. त्यात विष वगैरे काही नाही.

डोळे त्याला आहेत, पण पारदर्शक खवल्याखाली झाकलेले. बाहेरून दोन काळे ठिपके दिसतात. उजेड आणि अंधार एवढं त्याला कळतं. जमिनीखाली राहणाऱ्याला त्याहून जास्त लागत नाही. लांबी साधारण १० ते १५ सेंटिमीटर. गांडुळापासून वेगळा ओळखायचा असेल तर अंग बघा. गांडुळाच्या अंगावर कड्या असतात आणि ते ताणतं-आखडतं. वाळ्याच्या अंगावर बारीक, गुळगुळीत खवले असतात, तो वळवळत सरकतो आणि जीभ बाहेर काढतो.

लिनियसच्या मोजणीचा तर वाळ्याने पार निकाल लावला. इतर सापांना पोटावर रुंद आडवे पट्टे असतात, वाळ्याला ते नाहीतच. पाठीवर जसे खवले, तसेच पोटावर. शरीराभोवती कुठेही मोजा, खवल्यांच्या २० रांगा भरतात. पट्टेच नाहीत तर मोजणार काय? अशा सापांसाठी लिनियसने अँग्विस नावाचं एक खातं ठेवलं होतं, जरा सगळं किरकोळ सामान टाकायच्या खोक्यासारखं. एकमेकांशी फारसं नातं नसलेले बरेच जीव त्यात एकत्र पडले होते.

त्याचं खाणं म्हणजे मुंग्या आणि वाळवी, त्यातही त्यांची अंडी, अळ्या आणि कोष. मोठे साप भक्ष्य सावकाश गिळतात. वाळ्याला तो वेळ परवडत नाही, कारण मुंग्यांच्या वारुळात घुसून जेवायचं असतं. त्याचे दात फक्त वरच्या जबड्यात असतात आणि तो जबडा हलवून तो अळ्या भराभर आत ओढतो. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वाळवी खाताना हा साप कधी कधी तिचं डोकं मोडून टाकतो आणि फक्त धड गिळतो. डोक्याचा भाग पचायला जड जातो, असा त्यांचा अंदाज. यातलं काहीच रसेलला माहीत असणं शक्य नव्हतं. त्याच्याकडे होता एक साप, एक चित्र आणि एक तेलुगू नाव.

ज्याने नाव दिलं तोही फार जगला नाही

जानेवारी १७८९ मध्ये रसेलने भारत सोडला. त्याच्या जागेवर विल्यम रॉक्सबर्ग आला, ज्याला पुढे भारतीय वनस्पतिशास्त्रात मोठं नाव मिळालं. लंडनला परतल्यावर रसेल दवाखान्याकडे फारसा वळला नाही. साठी ओलांडलेला हा माणूस आता साचलेल्या नोंदींची पुस्तकं करायला बसला. प्लेगचा ग्रंथ झाला. १७९४ मध्ये दिवंगत भावाच्या अलेप्पोवरच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती झाली. आणि १७९६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या आदेशाने, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा पहिला खंड निघाला. मोठा आकार, हाताने रंगवलेली चित्रं.

हे पुस्तक पॅरिसला पोचलं. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत होते, पण पुस्तकं जात-येत होती. पॅरिसमध्ये फ्रांस्वा मारी दोदाँ नावाचा तरुण सरपटणाऱ्या प्राण्यांचा आठ खंडांचा इतिहास लिहीत होता. लहानपणीच्या आजाराने त्याचे पाय निकामी झाले होते. जंगलं पालथी घालणं त्याला शक्य नव्हतं. तो संग्रहालयातले नमुने आणि दुसऱ्यांची पुस्तकं यावर काम करायचा. त्याची बायको अडेल त्याच्यासाठी चित्रं काढायची.

१८०३ मध्ये दोदाँने रसेलच्या ४३ व्या चित्राला शास्त्रीय नाव दिलं, एरिक्स ब्रॅमिनस. विशाखापट्टणमच्या मातीतल्या सापाचं नाव पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाने लंडनमध्ये छापलेल्या चित्रावरून ठेवलं. त्याच वर्षी दोदाँ वारला. तिशीही त्याने पाहिली नाही.

या नावातला एरिक्स हा भाग महाराष्ट्राने लक्षात ठेवण्यासारखा आहे. हा प्रजातीगट दोदाँनेच बनवला आणि आज त्यात मांडूळ आहे. होय, तेच दुतोंडी मांडूळ, ज्याच्या तस्करीच्या बातम्या आपल्याकडे दर काही महिन्यांनी येतात. गुप्तधन मिळतं, पैशांचा पाऊस पडतो असल्या अंधश्रद्धांपायी लाखोंचे व्यवहार होतात आणि माणसं तुरुंगात जातात. आणि मांडुळाला शास्त्रीय नाव कुणी दिलं? पॅट्रिक रसेलनेच, १८०१ मध्ये. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत राहणारे मिशनरी क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्यावरून त्याने त्याला जॉनी म्हटलं. आजही मांडुळाचं नाव एरिक्स जॉनी आहे.

दोन्ही साप शेपटीने बोथट, दोघांनाही लोक दुतोंडी म्हणणार, म्हणून दोदाँने वाळ्यालाही त्याच खात्यात टाकलं. प्रत्यक्षात मांडुळाला चांगले उघडे डोळे आहेत, ते उंदीर आवळून खातं आणि त्याचं वाळ्याशी नातं फार लांबचं आहे.

रसेल शेवटपर्यंत सापांवरच काम करत होता. दुसऱ्या खंडाचे पहिले दोन भाग १८०१ आणि १८०२ मध्ये निघाले. नाग फणा कसा काढतो, यावरचा त्याचा लेख १८०४ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. शल्यविशारद एव्हरार्ड होम यांनी त्यासाठी फण्याचं शवविच्छेदन केलं होतं. २ जुलै १८०५ रोजी लंडनमध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. उरलेले दोन भाग त्याच्या मागे १८०७ आणि १८०९ मध्ये छापले गेले.

नाव बदलत राहिलं, चित्र तेच राहिलं

रसेल गेल्यावर वाळ्याच्या नावांची रांगच लागली. १८२० मध्ये जर्मनीच्या ब्लासियस मेरेमने त्याला टॉर्ट्रिक्स रसेली म्हटलं. म्हणजे काही काळ घोणस आणि वाळा, एक अत्यंत जहाल आणि एक अत्यंत गरीब, दोघंही रसेलचं नाव मिरवत होते. पण प्राणिशास्त्राचा नियम असा की आधी दिलेलं नाव चालतं. दोदाँचं ब्रॅमिनस १७ वर्षं जुनं होतं, त्यामुळे रसेली गळून पडलं.

१८२९ मध्ये फ्रान्सच्या कुव्हियेने त्याला टिफ्लॉप्समध्ये नेलं. ग्रीकमध्ये टिफ्लोस म्हणजे आंधळा. आता कुठे वाळा आपल्या खऱ्या भाऊबंदांत, आंधळ्या सापांत आला. पण तोवर हा साप जहाजांतून जगभर फिरू लागला होता आणि जिथे सापडेल तिथे कुणीतरी त्याला नवा साप समजून नवं नाव देत होतं. एका सापाला डझनभराहून जास्त नावं झाली.

विसाव्या शतकात संशोधकांच्या लक्षात आलं की जगभरात गोळा केलेल्या या सापांत नर सापडतच नाही. १९७४ मध्ये ही शंका मांडली गेली आणि १९८० मध्ये सेशेल्स बेटांवरच्या अभ्यासाने तिला बळ मिळालं. १९८७ मध्ये पेशी तपासल्यावर कारण दिसलं. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. वाळ्यात तीन संच आहेत, एकूण ४२ गुणसूत्रं. नराशिवाय मादी अंडी घालते आणि त्यातून जवळपास तिच्याच कार्बन कॉपी बाहेर येतात. पूर्णपणे अशाच पद्धतीने चालणारी सापाची दुसरी जात अजून माहीत नाही.

जगभर पसरण्याचं रहस्यही यातच आहे. कुंडीतल्या मातीत लपून एकच वाळा दुसऱ्या देशात पोचला तरी पुरतं. जोडीदार लागत नाही. म्हणून इंग्रजीत त्याला कुंडीतला साप असंही म्हणतात. फिलिपिन्समधून आलेल्या कुंड्यांबरोबर तो १९३० च्या सुमाराला हवाईत पोचला. फ्लोरिडात आहे, मेक्सिकोत आहे, आफ्रिकेत आहे. अंटार्क्टिका सोडून सगळीकडे त्याचा वावर आहे. २०१३ मध्ये तिमोर-लेस्तेतून तर अशी नोंद आली की भेकाने गिळलेला वाळा त्याच्या दुसऱ्या टोकातून जिवंत बाहेर पडला. आपल्या अंगणात असतो तोच भेक.

वर्गीकरण करणाऱ्यांचा मात्र पुन्हा गोंधळ उडाला. मधल्या काळात वाळ्याला ज्या रॅम्फोटिफ्लॉप्स गटात ठेवलं होतं, त्या गटाची मुख्य ओळख होती नराच्या जननेंद्रियाची रचना. आणि या सापात नर नाही! दात नसलेल्याला दातांवरून ओळखण्यासारखंच झालं. २०१४ मध्ये डीएनएच्या आधाराने त्याला इंडोटिफ्लॉप्समध्ये हलवलं. त्यानंतर भारतीय संशोधकांनी दाखवलं की तिथेही तो नीट बसत नाही आणि त्याच्यासाठी वेगळाच गट सुचवला, व्हर्गोटिफ्लॉप्स. व्हर्गो म्हणजे कुमारिका. नर नसलेल्या सापाला साजेसं नाव.

गट बदलले तरी ब्रॅमिनस हा शब्द १८०३ पासून तसाच आहे. आणि उद्या कुणी विचारलं की ब्रॅमिनस म्हणजे नेमका कुठला साप, तर आजही बोट ठेवावं लागतं ते रसेलच्या पहिल्या खंडातल्या ४३ व्या चित्रावर, ज्याच्यासाठी त्याने टिपून ठेवलं होतं दोन डोक्यांच्या सापाचं तेलुगू नाव.